अंगणातल्या डाळिंबाचं वर्ष

आंब्याला मोहोर पौष-माघात येतो, बहावा चैत्र-वैशाखात फुलतो, जांभळाचा सडा मृगाच्या आगेमागे पडतो. बागेतल्या झाडांवर लिहिणाऱ्याला हा मोठा आधार असतो. महिना सांगितला की झाडाची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही. डाळिंब हा आधार देत नाही. एकाच फांदीवर टोकाला गच्च मिटलेली लाल कळी, शेजारी चुरगळलेल्या पाकळ्यांचं उमललेलं फूल, त्याच्या मागे लिंबाएवढं हिरवं फळ आणि आत सावलीत तडकून काळं पडलेलं जुनं फळ, असं सगळं एकदम दिसतं. ते फेब्रुवारीत दिसतं तसं सप्टेंबरातही दिसतं. मग अशा झाडाचं बारा महिन्यांचं पुस्तक करायचं म्हणजे काय करायचं?

पुढच्या पानांतली चित्रं आणि टिपणं देशावरच्या एका अंगणातल्या झाडाची आहेत. जमीन मुरमाड, ऊन भरपूर, आणि झाड लावलेलं मोरीच्या सांडपाण्यावर, म्हणजे आपल्याकडे डाळिंब जिथे लावायची रीत आहे तिथेच. त्या जागेने या झाडाचं काय केलं, हे या पुस्तकाचं खरं कथानक आहे. डाळिंबाचं वर्ष पंचांगापेक्षा मुळाशी असलेल्या ओलीवर चालतं. पाणी कधी मिळालं याला महत्त्व आहेच, पण कधी तुटलं याला त्याहून जास्त आहे.

ही गोष्ट बागप्रेमी माणसापेक्षा शेतकऱ्याला जास्त चांगली ठाऊक असते. सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव या पट्ट्यात दोन डाळिंबवाले भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘यंदा कोणता बहार धरला?’ बहार तीन. आंबे बहाराची फुलं आंब्याला मोहोर असतो त्या सुमाराला, जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं जून ते ऑगस्टमध्ये उतरतात. मृग बहार पहिल्या पावसावर, जून-जुलैत फुलतो आणि त्याची फळं थंडीत तयार होतात. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरचा. त्याची फळं फेब्रुवारीपासून पुढे, बाजारात डाळिंब कमी असताना येतात, म्हणून भाव बरा मिळतो. पण हस्ताचा पाऊस कधी थांबेल याचा नेम नसल्यामुळे झाडाला ताण बसेलच याची खात्री कुणी देत नाही.

ताण म्हणजे पाणी तोडणं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत झाडाला पाणी देत नाहीत. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडून गळायला लागतात. उरलेली पानं उतरवायला हल्ली इथ्रेल फवारतात. वरून पाहणाऱ्याला बाग मेली असं वाटावं. पण वाढ थांबलेली असली तरी पानांनी तोवर तयार केलेलं अन्न काड्यांत साठून राहिलेलं असतं. मग हलकी छाटणी होते, बुंध्याशी शेणखत पडतं आणि पहिलं पाणी सुटतं. काही दिवसांत डोळे फुगतात, तांबूस पालवी येते आणि तिच्यामागोमाग सगळ्या झाडावर एकदम कळी दिसू लागते. आपण फळांच्या गाडीवर निवांतपणे किलोचा भाव विचारतो, तेव्हा त्या फळामागे कुणीतरी जाणूनबुजून झाड तहानलेलं ठेवलेलं असतं. सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे डाळिंब रुजलं ते उगीच नाही. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आलं, आणि २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता अंगणाकडे या. इथे पाणी तोडणारं कुणी नाही. उलट भांड्यांचं पाणी, धुण्याचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, आणि संध्याकाळी हौसेने घातलेली झारी. झाडाला विश्रांतीचं निमित्तच मिळत नाही. ते बुंध्यापासून पाणसोट फेकत राहतं, पानांनी भरगच्च दिसतं, आणि अधूनमधून जमेल तशी फुलं काढतं. मग घरोघर ऐकू येणारी तक्रार सुरू होते : ‘आमच्याकडे फूल भरपूर येतं हो, पण सगळं गळून जातं.’ त्यावर कुणी मंत्रासारखं औषध सांगतं, कुणी मुळाशी ताक घालायला सांगतं. झाडाला नजर लागली असंही ऐकलं आहे. या तक्रारीचं उत्तर फुलातच आहे, आणि या पुस्तकातला सगळ्यात लांब भाग फुलाला दिला आहे तो त्यासाठीच.

डाळिंबाच्या कळीचा जो जाड, चकचकीत, शेंदरी-लाल भाग आपल्याला पाकळी वाटतो, तो पुष्पकोश. त्याची टोकं पाच ते आठ असतात. ती उलगडली की आत दाबून ठेवलेल्या पातळ पाकळ्या बाहेर येतात, इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या, आणि शेवटपर्यंत सपाट होत नाहीत. त्यांच्या आत पुंकेसरांचा दाट पिवळा झुबका. पाकळ्या दोनेक दिवसांत झडतात, पुष्पकोश मात्र राहतो, फळाबरोबर वाढतो, आणि पिकलेल्या फळाच्या डोक्यावर जो मुकुट दिसतो तो हाच. डाळिंबाचं फूल कधी संपतच नाही असं म्हटलं तरी चालेल. त्याचा एक भाग आपण सोललेल्या सालीबरोबर टाकून देतो.

ही फुलं दोन तऱ्हेची असतात. एकाचा तळ फुगीर, सुरईच्या घाटाचा. त्यात स्त्रीकेसर लांब, पुंकेसरांच्या उंचीपर्यंत आलेला, आणि खाली बीजांड भरलेला अंडाशय. याचंच फळ होतं. दुसऱ्याचा तळ निमुळता, आकार घंटेचा, स्त्रीकेसर आखूड, अंडाशय अपुरा. हे फूल परागकण देतं आणि गळतं, त्याला गळायचंच असतं. दोहोंच्या मधलीही काही फुलं सापडतात, पण त्यांचं फळ धरलं तरी बहुधा वेडंवाकडं होतं. झाडावर घंटेची फुलंच बरेचदा जास्त असतात. म्हणजे अंगणात सकाळी जो लाल सडा पडलेला दिसतो त्यातला मोठा वाटा रोगाचा नसतो, की नजरेचाही नसतो. सड्यातली दहा-वीस फुलं उचलून तळ पाहिले तर कुणालाही हे समजेल. पण सुरईची फुलंही गळत असतील, तर मात्र झाडाला काहीतरी बाधतं आहे : फार पाणी, फार सावली, फुलकिडे, नाहीतर फुलांच्या दिवसांत लागलेली पावसाची झड.

ताण बसलेल्या झाडाला पक्व, पेन्सिलीएवढ्या जाड काडीवर जी पहिली फुलं येतात, त्यांत सुरईच्या फुलांचं प्रमाण चांगलं असतं. सतत ओल असलेल्या झाडाच्या लुसलुशीत शेंड्यांवर तशी अपेक्षा ठेवू नये. फळाचा हिशेब असा मुळाशी जाऊन पोहोचतो.

फळ नकोच असेल तर? माझ्या मते अंगणात डाळिंब लावणाऱ्याने आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. घराजवळचं डाळिंब हे मुळात शोभेचं झाड आहे. फळ ही त्याची जास्तीची देणगी समजावी. फेब्रुवारीच्या कोरड्या उजेडात त्या तांबूस पालवीत शेंदरी कळ्या दिसतात तेवढं एखाद्या घराला पुरावं. शिंजीर सकाळपासून त्या फुलांवर लोंबकळत असतो. मधमाश्या परागासाठी येतात. बुलबुलांची जोडी फांदीत काहीतरी शोधत राहते. फक्त फुलांसाठी ठेवायचं तर दुहेरी पाकळ्यांची जात मिळते, तिला फळ धरत नाही. युनानी वैद्यकात गुलनार म्हणून जी फुलं वापरतात ती अशाच डाळिंबाची. गच्चीवरच्या कुंडीसाठी बुटकी जात आहे. तिची पानं, फुलं, फळं सगळीच चिमुकली असतात. फळ खाण्यासारखं नसतं, पण मुलं त्याच्याकडे बघत बसतात.

फळही हवं असेल तर कलम निवडताना बाजाराचं ऐकू नये. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी जातीतून जे झाड निवडलं, ते पुढे ‘गणेश’ या नावाने महाराष्ट्रभर पसरलं. मऊ बी, फिकट गुलाबी दाणा, गोड रस. नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मृदुला आली, मग भगवा. साल आणि दाणा दोन्ही लालभडक, लांबच्या प्रवासाला टिकणारी जाड साल, त्यामुळे व्यापाऱ्यांनी भगव्याला डोक्यावर घेतलं. अंगणातल्या फळाला प्रवास करायचा नसतो, ते झाडावरून ताटात येतं. म्हणून गणेश मिळत असेल तर गणेश लावावा, असं मी म्हणेन. लावताना गुटी कलमच लावावं. बी टाकून केलेलं झाड उगवेल, वाढेल, पण आईचंच फळ देईल असं नाही.

आता ऋतूंकडे. उन्हाळा फार लिहिण्यासारखा नाही. फळावर पश्चिमेचं ऊन थेट पडलं तर तपकिरी चट्टा येतो. फांद्या नको तितक्या विरळ केलेल्या झाडावर तो जास्त येतो. बुंध्याला गेरूचा लेप लावतात, तो खोडकिडा दूर राहावा म्हणून. एवढं सांगितलं की चैत्र-वैशाखाचं काम संपतं.

पावसाळा मात्र या झाडाचा खरा कसोटीचा काळ, आणि पुस्तकातली सगळ्यात गजबजलेली पानं त्याचीच आहेत. एक छोटं फुलपाखरू या दिवसांत झाडाभोवती सारखं घिरट्या घालतं. नर निळसर-जांभळा, चमकदार, मादी तपकिरी, पंखावर नारिंगी डाग. मादी कळीवर, पुष्पकोशावर किंवा कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी साल पोखरून आत शिरते आणि दाणे खात राहते. भोकावाटे विष्ठा बाहेर येते, मागोमाग बुरशी आणि जिवाणू शिरतात, फळ सडून पडतं. शेतकऱ्याचा हा जुना शत्रू आहे. पण त्या अळीची एक करामत शत्रूलाही दाद द्यायला लावणारी आहे. पोखरलेलं फळ गळून पडण्याचा धोका असतो, म्हणून कोषात जायच्या आधी अळी बाहेर येते आणि फळाचा देठ रेशमी धाग्यांनी फांदीला बांधून टाकते. मग निश्चिंत होऊन पुन्हा आत जाते. झाडावर वाळून काळं झालेलं फळ महिनोन्‌महिने लटकलेलं दिसलं, तर त्याचा देठ भिंगाखाली पाहावा.

यावर अंगणात फवारणीचा पंप घेऊन उभं राहण्याची गरज नाही. फळ लिंबाएवढं झालं की त्याला जुन्या मऊ कापडाची पिशवी बांधायची. दहा-पंधरा फळांच्या झाडाला एका दुपारचं काम. रात्री येऊन पिकत्या फळात सोंड खुपसणारे पतंगही त्याने दूर राहतात, खार आणि पोपट काही अंशी राहतात. पिशव्या बांधलेलं झाड दिसायला चांगलं नसतं, हे मान्य.

तेलकट डागाच्या रोगावर, म्हणजे तेल्यावर, इतकं हसत लिहिता येत नाही. हा जिवाणूजन्य रोग ओलसर, ढगाळ हवेत पसरतो. पानावर आणि फळावर तेलाचे थेंब पडल्यासारखे डाग येतात, फळ डागाशी चिरतं. गेल्या वीसेक वर्षांत त्याने महाराष्ट्रातल्या बागाच्या बागा काढून टाकायला लावल्या. तुमच्या घराच्या आसपास कुणाची डाळिंबाची शेती असेल, तर अंगणातलं दुर्लक्षित झाड त्या शेताला रोग पुरवू शकतं. डाग दिसलेली पानं-फळं तोडून जाळून टाकावीत, कात्री निर्जंतुक करावी. हौसेच्या झाडाला शेजारधर्म चुकत नाही.

पावसाच्या शेवटाला फळ तडकतं. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप, साल आवळून बसलेली, आणि मग एकदम जोराचा पाऊस किंवा नळी सोडून दिलेली. आतले दाणे झपाट्याने फुगतात, सालीला तेवढं ताणता येत नाही, ती फाटते. बोरॉन आणि कॅल्शियम कमी पडल्यानेही तडे जातात, पण अंगणात बहुतेक वेळा पाण्याचा अनियमितपणाच कारण असतो. म्हणजे फुलांच्या आधी पाणी तुटायला हवं आणि फळ धरल्यावर मात्र तुटू नये. मोरीच्या पाण्यावरच्या झाडाचं नेमकं उलटं होतं. घर भरलेलं असताना वर्षभर महापूर, आणि मे महिन्यात मंडळी गावाला गेली की कोरडं.

थंडीची पानं लिहिताना हे झाड मूळचं कुठलं, हे आठवावं लागतं. इराणपासून हिमालयाच्या पश्चिम उतारांपर्यंतचा प्रदेश त्याचं घर. जम्मू, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर आजही रानटी डाळिंब उगवतं. तिथे त्याला दारू म्हणतात, आणि त्याचे आंबट दाणे वाळवून केलेला अनारदाणा आपल्या वाण्याकडे येतो. तिथल्या हिवाळ्यात झाड पानं टाकून पूर्ण उघडं होतं, निजतं, आणि वसंतात एकदमच जागं होतं. आपल्या देशावरची थंडी त्याला निजवायला पुरत नाही. चार पानं पिवळी पडतात, वाढ थोडी मंदावते, एवढंच. तिकडे जे काम थंडी करते, ते इथे कोरडेपणाला करावं लागतं. ताण देणारा शेतकरी झाडावर जुलूम करत नसतो. तो त्याला त्याचा हरवलेला हिवाळा परत देत असतो. कोकणात, जिथे ना अशी थंडी ना असा कोरडेपणा, तिथे डाळिंब पानापुरतंच का राहतं हेही यातून उलगडतं.

म्हणून या पुस्तकाचा पहिला महिना चैत्र नाही, मार्गशीर्ष आहे. पाऊस संपून जमीन सुकलेली असते, तेव्हा मोरीचं पाणी चर काढून दुसरीकडे, केळीला किंवा अळवाला वळवावं, झारी बाजूला ठेवावी, आणि महिना-दीड महिना झाडाकडे काणाडोळा करावा. पानं उतरायला लागली तर घाबरू नये. पौषाच्या अखेरीला बुंध्याजवळचे पाणसोट आणि एकमेकींत घुसलेल्या काटेरी फांद्या काढाव्यात, दोन घमेली शेणखत घालावं आणि पाणी सुरू करावं, पहिलं हलकं, पुढचं भरपूर. हा झाला घरगुती आंबे बहार. त्याची फुलं कोरड्या हवेत येतात, तेल्याची भीती तेव्हा कमी असते, आणि फळ श्रावणाच्या सुमारास हाताशी येतं, म्हणजे सणांच्या पूजेच्या ताटात घरचं डाळिंब ठेवता येतं. मातीच्या भांड्यात किंवा काळ्या जमिनीत हा हिशेब थोडा बदलतो, तो त्या त्या महिन्यात दिला आहे.

या झाडाचं गोतही सांगायला हवं. मेंदी, ताम्हण आणि धायटी ही डाळिंबाची सख्खी भावकी आहे, चारही वनस्पती एकाच कुळातल्या. ताम्हणाच्या पाकळ्याही तशाच चुरगळलेल्या, हे एकदा लक्षात आलं की पुन्हा विसरता येत नाही. मेंदीप्रमाणे डाळिंबही रंग देतं : फळाची साल टॅनिनने भरलेली असते, तिच्या काढ्यात कापड पिवळं होतं, लोहाबरोबर गडद होतं, आणि निळीत बुडवलेल्या कापडावर चढवलं तर हिरवं. सालीचा पोटाच्या विकारांवरचा उपयोग आणि दाडिमाष्टक चूर्ण घरोघर ठाऊक आहेच. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट मुंबईच्या अग्यारींमधली. पारशी धर्मगुरू यस्न विधीत होम या वनस्पतीच्या काड्यांबरोबर डाळिंबाची काडीही कुटतात, आणि म्हणून अग्यारीच्या आवारात डाळिंबाचं झाड राखलेलं असतं. इराणातून आलेल्या माणसांनी आणि इराणकडून आलेल्या झाडाने एकमेकांना असं धरून ठेवलं आहे. इतिहासाची ही बाजू पुस्तकात थोडक्यात आहे. तिचं वेगळं पुस्तक व्हायला हवं.

शेवटी काढणीबद्दल, कारण तिथे सर्वांत जास्त घाई होते. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. कच्चं तोडलं तर ते कच्चंच सुकेल. नुसत्या लालीवर जाऊ नये, काही जाती शेवटपर्यंत पिवळसरच राहतात. पिकलेल्या फळाचा गोलपणा मोडतो, बाजू किंचित चपट्या होऊन कंगोरे जाणवतात, मुकुटाची टोकं आत वळतात, आणि बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा टणत्कार येतो. यांतली दोन लक्षणं जुळली की फळ काढावं. काढताना पिरगळून ओढू नये, देठाजवळची साल सोलून निघते आणि पुढच्या बहाराची काडी जखमी होते. कात्रीने देठ फळालगत कापावा. कात्री नेमकी कुठे लावायची त्याचं मोठं चित्र श्रावणाच्या पानावर मुद्दाम दिलं आहे, आणि पिशवी बांधायची गाठ त्याच्या मागच्या पानावर.